केसांची गुलाम झालेली महाराणी

महिला मंडळाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला, की मैत्रिणी मला रक्तदाबाबद्दल एखादा प्रश्न विचारतात आणि केसांबद्दल दहा! केसांना तेज नाही, काय लावू? जाहिरातीतल्यासारखी चमक घरच्या घरी येईल का? यात हसण्यासारखं काहीच नाही. केस हा बाईच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. म्हणून आज तुम्हाला अशा एका बाईची गोष्ट सांगते, जिचे केस घोट्यापर्यंत लांब होते, साऱ्या युरोपात त्यांचा बोलबाला होता, आणि ती ते केस चक्क अंड्याने धुवायची. ही बाई म्हणजे ऑस्ट्रियाची महाराणी एलिझाबेथ. घरात तिला लाडाने सिसी म्हणत. १९५५ ते १९५७ या काळात तिच्यावर तीन गाजलेले सिनेमे निघाले, २०२२ मध्ये मालिकाही आली. पण पडद्यावर दिसते ती परीकथा. खरी सिसी वेगळी होती.

सिसीचा जन्म २४ डिसेंबर १८३७ चा, म्युनिकमधला. वडील बव्हेरियाच्या राजघराण्यातले. पण दरबारी थाटमाटापेक्षा घोडे, प्रवास आणि संगीत यातच त्यांचा जीव रमायचा. उन्हाळा आला की सगळं कुटुंब तळ्याकाठच्या पोसेनहोफेनच्या वाड्यात राहायला जायचं. मुलं रानावनात हुंदडायची, घोड्यावर बसायची. शिस्त, रीतभात असलं काही फारसं नव्हतंच. सिसी अशी मोकळी वाढलेली मुलगी.

तिचं लग्न ठरलं त्याची हकिकत तर आपल्याकडच्या बायकांना लगेच कळेल अशी. ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ योझेफ हा तिचा सख्खा मावसभाऊ. त्याच्यासाठी सिसीच्या थोरल्या बहिणीचं, हेलेनचं नाव आयांनी मनात धरलं होतं. ऑगस्ट १८५३ मध्ये बाड इश्ल या गावी दोन्ही घरची मंडळी जमली. धाकटी सिसी नुसती सोबत म्हणून गेलेली. दाखवायला नेली थोरली आणि पसंत पडली धाकटी! सिसीचं वय तेव्हा १५. पुढच्या वर्षी २४ एप्रिल १८५४ ला व्हिएन्नात थाटात लग्न लागलं. सोळाव्या वर्षी ही पोर एवढ्या मोठ्या साम्राज्याची महाराणी झाली.

सासू म्हणजे सख्खी मावशीच, मग काय बिघडलं, असं आपल्याला वाटेल. पण मावशी वेगळी आणि सासू झालेली मावशी वेगळी. राजमाता सोफी करारी आणि शिस्तीची. उठायचं कधी, जेवायचं कसं, कोणाशी बोलायचं आणि कोणाशी नाही, सगळ्याचे नियम. पहिली मुलगी १८५५ मध्ये झाली, तिचं नावही आजीचंच ठेवलं गेलं. मुली आजीच्या दालनाशेजारी वाढायच्या, आणि आईला त्यांना भेटायचं तर वेळ पाहून जायचं. १८५७ मध्ये सिसी हट्टाने दोन्ही मुलींना हंगेरीच्या दौऱ्यावर घेऊन गेली. तिथे मुली आजारी पडल्या आणि थोरली सोफी गेली, अवघी दोन वर्षांची. या धक्क्यातून सिसी कधी पुरती सावरली नाही. १८५८ मध्ये रुडॉल्फ झाला, गादीला वारस मिळाला. पण तिची तब्येत ढासळतच गेली. १८६० मध्ये ती हवापालटासाठी दूर मदेरा बेटावर गेली, पुढे कॉर्फूला राहिली.

१८६२ मध्ये ती परत आली ती बदललेली. भेदरलेली सून गेली होती. आता उभी होती एक उंच, सडसडीत, देखणी स्त्री, जिला आपल्या रूपाची ताकद कळली होती. राज्यकारभारात कोणी विचारत नाही, मुलांवर हक्क नाही, पण आपण समोर आलो की सगळे बघतच राहतात! हे एकच नाणं आपल्या हाती आहे, हे तिने ओळखलं असावं, असं मला वाटतं. त्या रूपातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तिचे केस.

१८६३ मध्ये तिने एका नाटकात एका नटीची केशरचना पाहिली आणि ती करणारी कोण याची चौकशी केली. ती होती फॅनी आंगेरर, व्हिएन्नाच्या नाट्यगृहातली साधी केस विंचरणारी तरुणी. सिसीने तिला थेट राजवाड्यात आणलं. पगार वर्षाला २,००० गुल्डन, म्हणजे त्या काळी भलामोठाच. पुढे फॅनीने लग्न करायचं म्हटलं तेव्हा नोकरी जायची वेळ आली, कारण या जागेवरच्या बाईने अविवाहित राहायचं असा दंडक. सिसीने सम्राटाकडे शब्द टाकून तो दंडक मोडायला लावला. नंतर फॅनीचा नवराही राणीच्याच सेवेत आला. राणीच्या केसांमुळे एक संसार असाही उभा राहिला!

आता केसांचा सोहळा ऐका. रोज दोन ते तीन तास केस विंचरणं आणि गुंफणं चालायचं. खाली पांढरी चादर अंथरलेली. फॅनी काळ्या पोशाखात, वर पांढरा एप्रन. जाड वेण्या घालून त्या डोक्याभोवती मुकुटासारख्या बांधायच्या. शेवटी कंगव्यात आलेले केस चांदीच्या वाटीत घालून राणीपुढे धरायचे. जास्त केस गळालेले दिसले की राणीचा चेहरा उतरे. असं सांगतात, की फॅनी बिचारी एप्रनच्या आत चिकटपट्टी लावून काही गळालेले केस गुपचूप लपवायची. नोकरी करणाऱ्या बाईला काय काय युक्त्या कराव्या लागतात, बघा! कधी फॅनी आजारी पडली किंवा रुसली, तर राणीचा दिवस फुकट जाई. दुसऱ्या कोणाच्या हाताने केस विंचरून घेणं तिला चालायचं नाही. म्हणजे हुकूम नक्की कोण कोणाला सोडत होतं?

केस धुण्याचा दिवस तर वेगळाच. साधारण तीन आठवड्यांतून एकदा, आणि त्या दिवशी दुसरं काही काम नाही. अंड्यांचे पिवळे बलक आणि कोन्यॅक नावाची ब्रँडी यांचं मिश्रण केसांना लावून चोळायचं, धुवायचं, आणि केस वाळेपर्यंत लांब झगा घालून येरझारा घालायच्या. आपल्याला हे ऐकायला चैनीचं वाटतं, पण त्यामागचं कारण साधंच आहे. तेव्हा शॅम्पूच्या बाटल्या मिळत नव्हत्या. साबणाने केस राठ होतात. अंड्याच्या बलकात लेसिथिन नावाचा पदार्थ असतो. तो तेल आणि पाणी एकत्र आणतो, त्यामुळे डोक्यावरचा तेलकटपणा पाण्याबरोबर निघून जातो. बलकातली थोडी स्निग्धता केसावर मागे राहते, म्हणून केस मऊ लागतात. अंडं लावल्याने केसाला प्रोटीन मिळून तो आतून जाड होतो, हे मात्र खरं नाही. ती प्रोटीन फार मोठी असतात, केसाच्या आत शिरत नाहीत.

मग चमक येते कशाने? आपल्या प्रत्येक केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले बारीक पापुद्रे असतात. कौलं नीट बसलेली असली की छप्पर सपाट दिसतं, तसे पापुद्रे सपाट असले की उजेड एकसारखा परत फिरतो आणि केस चमकतात. पापुद्रे उचकटले की केस निस्तेज, झाडूसारखे. ओले केस टॉवेलने खसाखसा पुसणं, ओल्या केसांत बारीक दातांचा कंगवा ओढणं, कडक ऊन, फार गरम पाणी आणि जहाल रसायनं, यांनी ही कौलं फुटतात. सिसीचे केस रोज हळुवार विंचरले जायचे. त्याने मुळाजवळचं नैसर्गिक तेल टोकापर्यंत पोहोचतं. तिच्या चमकेचं अर्धं रहस्य मला तरी या विंचरण्यातच दिसतं.

आपल्याकडे तर याहून सोपं आणि स्वस्त सगळं स्वयंपाकघरात आणि परसात आहे. अंड्याचं काम आपली शिकेकाई आणि रिठा करतात. त्यांच्यात फेस आणणारा नैसर्गिक पदार्थ असतो, तो मळ काढतो. दुसरं, न्हाण्याआधी खोबरेल. २००३ मध्ये मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातलं प्रोटीन वाहून जाणं खोबरेलानेच कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही सांगून ठेवते. पण आपल्या आज्यांचा अनुभवही तोच आहे. तेल आदल्या रात्री लावा किंवा निदान तासभर आधी. थापायची गरज नाही, टोकांना मात्र विसरू नका.

तिसरं, जास्वंदीची पानं पाण्यात कुस्करून निघणारा बुळबुळीत रस, किंवा दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळून, गरम असतानाच फडक्यातून गाळलेलं चिकट पाणी. हे धुतलेल्या केसांना दहा-पंधरा मिनिटं लावलं, की पापुद्रे सपाट बसतात आणि गुंता होत नाही. अंडं चालत असेल तर एक-दोन बलक फेटून ओल्या केसांना लावा, पण धुताना पाणी गार किंवा कोमट हवं. गरम पाणी घेतलंत तर केसांतच आम्लेट व्हायचं! ब्रँडीच्या भानगडीत पडू नका, तिने केस कोरडे होतात.

चौथी गोष्ट बोअरच्या पाण्याची. आपल्या गावांमधून बोअरचं पाणी जड असतं. त्यातले क्षार केसावर बसतात आणि कितीही महागाचं काही लावा, केस पांढुरके, राठ दिसतात. अशा वेळी शेवटी एका तांब्याभर पाण्यात अर्ध्या लिंबाचा रस पिळून तो केसांवरून ओता आणि मग पिण्याचं पाणी एक तांब्या. लिंबाच्या आंबटपणाने क्षार सुटतात, पापुद्रेही मिटतात. हे आठवड्यातून एकदा पुरे, आणि डोक्याच्या कातडीवर जखम किंवा खाज असेल तर नकोच.

आता लांबीबद्दल. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो आणि काही वर्षांनी आपोआप गळतो. कोणाच्या केसाला वाढायला दोन-तीन वर्षं मिळतात, कोणाच्या केसाला सहा-सात. हे जन्मतः ठरलेलं असतं. घोट्यापर्यंत पोहोचायला केसाने दहा-बारा वर्षं टिकून वाढावं लागतं. सिसीला ती देणगी होती. ती तेलाच्या बाटलीत मिळत नाही, जाहिरात काहीही म्हणो. चमक मात्र प्रत्येकीला मिळू शकते.

सिसीच्या केसांची कीर्ती चित्रांतून पसरली. १८६५ च्या सुमारास व्हिंटरहाल्टर या चित्रकाराने काढलेलं तिचं चित्र आजही जगभर छापलं जातं. पांढरा झगा आणि गुंफलेल्या केसांत हिऱ्यांच्या चांदण्या. त्यानेच मोकळ्या केसांतलीही चित्रं काढली, त्यातलं एक सम्राटाने आपल्या कामाच्या खोलीत लावलं होतं. नवऱ्याचा जीव होताच हो तिच्यावर. पण तो पहाटेपासून फायलींत, आणि ही आरशापुढे.

त्या आरशापुढच्या तासांचं सिसीने जे केलं, ते मला सगळ्यात आवडतं. केस विंचरून होईपर्यंत ती शिकत बसायची. हंगेरियन भाषा ती अशीच पक्की शिकली. १८६४ पासून इडा फेरेन्त्सी ही साध्या घरातली हंगेरियन मुलगी तिच्याजवळ आली, ती तिची जन्माची मैत्रीण झाली. हंगेरीचे लोक तेव्हा व्हिएन्नाच्या राज्यावर नाराज होते. आपली भाषा बोलणारी राणी त्यांना आपली वाटली. १८६७ मध्ये हंगेरीला बरोबरीचा दर्जा देणारा समझोता झाला, त्यात सिसीने नवऱ्याकडे लावून धरलं त्याचाही वाटा होता. ८ जून १८६७ ला तिथे दोघांचा राज्याभिषेक झाला. पुढे पन्नाशीत ती ग्रीक शिकली, तीही विंचरताना शेजारी बसलेल्या शिक्षकाकडून. पुरुषांनी भरलेल्या त्या दरबारात तिने राजकारणात खरंखुरं काही घडवलं असेल, तर ते केसांनी नाही, केस विंचरताना शिकलेल्या भाषेने.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. केस इतके जड, की तिचं डोकं दुखायचं. मग केस दोऱ्यांनी वर टांगून ती तासन्‌तास खोलीत बसून राहायची. आपण केसांची गुलाम आहोत, असं ती स्वतःच म्हणायची. कंबर जेमतेम ५० सेंटीमीटर ठेवायची म्हणून कापडी पट्टे आवळायची. उंची १७२ सेंटीमीटर आणि वजन पन्नास किलोच्या आतबाहेर. तरी रोज वजन करणं, तासन्‌तास चालणं, राजवाड्यात झुले आणि कड्या लावून कसरत. तिची ती कसरतीची साधनं व्हिएन्नाच्या हॉफबुर्ग राजवाड्यात आजही बघायला मिळतात. खाणं मात्र कधी नुसतं दूध, कधी मांसाचा पिळून काढलेला रस, कधी संत्री. शेवटच्या वर्षांत उपासमारीने अंगावर सूज येऊ लागली होती. राजवाड्यातली बाई, आणि उपासमार!

मैत्रिणींनो, इथे मला आपल्या मुली आठवतात. आरोग्य शिबिरात हिमोग्लोबिन तपासलं की केस गळण्याची तक्रार घेऊन आलेल्या कितीजणींचं रक्त कमी निघतं. पुड्यांमधले शॅम्पू बदलून बदलून थकलेल्या असतात, आणि जेवण काय, तर सगळ्यांचं झाल्यावर उरलेली भाकरी. अंगात लोह नसलं की शरीर आधी केसांचा खर्च तोडतं. केस नसले तरी माणूस जगतो, हे शरीराला ठाऊक असतं. तेव्हा पालेभाजी, त्यावर लिंबू, नाचणी, उसळी, शेंगदाणे, अंडी किंवा मासे चालत असतील तर तेही, हे पहिलं केसांचं टॉनिक. जेवणाबरोबर चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. अचानक झुपक्याने केस जात असतील तर रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या. तिथे जास्वंद उपयोगी पडत नाही.

सिसीची पुढची गोष्ट दुःखाची आहे. तिशीनंतर काही वर्षांतच तिने फोटो काढू देणं बंद केलं. कोणी कॅमेरा घेऊन दिसलं की पंखा किंवा छत्री तोंडापुढे. सुरकुती दिसता कामा नये. ३० जानेवारी १८८९ ला तिचा एकुलता एक मुलगा रुडॉल्फ मायर्लिंग इथे मरण पावला, त्याने स्वतःच स्वतःला संपवलं. त्यानंतर सिसीने काळे कपडे घातले ते कायमचे. घर असं तिला उरलंच नाही. जहाजातून, आगगाडीतून ती या गावाहून त्या गावाला फिरत राहिली. गर्दी टाळायची म्हणून काही वेळा फॅनीलाच राणीसारखी नटवून लोकांपुढे उभं केलं जायचं, आणि खरी राणी दुसरीकडून निघून जायची. विंचरणारीच राणी झाली, आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. केस आणि पोशाख वगळला तर लोकांनी राणीला कितीसं पाहिलं होतं?

१० सप्टेंबर १८९८ ला जिनिव्हात हॉटेलातून बोटीकडे पायी जाताना लुईजी लुकेनी नावाच्या माथेफिरूने तिच्या छातीत धार लावलेली कानस खुपसली. ती खाली पडली. तिला वाटलं नुसता धक्का बसला. उठून, सावरून ती बोटीवर चढली. घट्ट आवळलेल्या कपड्यांमुळे रक्तस्राव लगेच कळला नाही. थोड्याच वेळात ती कोसळली आणि गेली. वय ६० वर्षं.

एवढं वाचून केस कापून टाका असं मी मुळीच सांगणार नाही. आठवड्यातून एक वेळ केसांसाठी काढाच. तेल लावा, शिकेकाईने न्हा, शक्य असेल तेव्हा मुलीने आईच्या आणि आईने मुलीच्या डोक्याला तेल चोळून द्या, यासारखं सुख नाही. फक्त त्या वेळात हात कामात असताना कानाला आणि मनाला काहीतरी द्या. मुलीला धडा मोठ्याने वाचायला लावा, बचत गटाचा हिशोब तिच्याकडून समजून घ्या, अर्ज भरायला शिका. आणि तेलाची वाटी हातात घेण्याआधी, आज आपण पोटभर जेवलोय ना, एवढं मात्र स्वतःला विचारा.